पान की पुस्तक? अमेरिकी शाळांच्या लायब्ररीतलं भांडण

फ्लोरिडा राज्याच्या २०२३ च्या कायद्यात एक कलम आहे, ते वाचून आधी विश्वासच बसत नाही. शाळेतल्या एखाद्या पुस्तकावर आक्षेप असेल, तर स्कूल बोर्डाच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या बैठकीत उभं राहून त्यातला उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचा पालकाला हक्क आहे. उतारा फारच उघडावाघडा आहे म्हणून बोर्डानं त्याला मध्येच थांबवलं, तर ते पुस्तक शाळेतून काढावंच लागतं. थांबवलं की पुस्तक गेलं, आणि नाही थांबवलं तर भरसभेत माना खाली घालून सगळं ऐकून घ्यायचं. ज्यानं हे कलम लिहिलं तो माणूस वकील म्हणून नक्कीच हुशार असणार.

भांडणाची मेख या कलमातच दिसते. आक्षेप घेणारा एक पान उघडून दाखवतो आणि विचारतो, हे तुम्ही शाळकरी पोरांच्या हातात देता? ग्रंथपाल म्हणतात, पुस्तक अडीचशे पानांचं आहे, बाकीची पानं कुणी वाचली? दोघंही खोटं बोलत नसतात. ते पान खरंच असतं, आणि बाकीची पानंही असतात. आपल्याकडे मात्र ही बातमी दोनच रूपांत पोचते. वर्तमानपत्रात ‘अमेरिकेत पुस्तकबंदीची लाट’, आणि व्हॉट्सॲपवर ‘तिकडच्या शाळांत मुलांना पॉर्न वाचायला देतात’. दोन्हीतून नेमकं काय चाललंय ते कळत नाही.

आधी कपाट कुठलं ते बघा

आपल्या बहुतेकांच्या आठवणीतली शाळेची लायब्ररी म्हणजे कुलूप लावलेलं काचेचं कपाट, आठवड्यातून एक तास, आणि बाई काढून देतील ते पुस्तक. अमेरिकी शाळेत तसं नसतं. फळ्या मोकळ्या असतात, मूल हिंडतं, हाताला लागेल ते उचलतं. म्हणून ‘फळीवर काय आहे’ या प्रश्नाला तिथे जास्त धार आहे.

दुसरं, ‘शाळा’ हा एकच शब्द तिथे तीन वेगळ्या इमारतींना लागू होतो. साधारण पाचवीपर्यंत एलिमेंटरी, सहावी ते आठवी मिडल, नववी ते बारावी हायस्कूल. प्रत्येकीची लायब्ररी वेगळी, पुस्तकं वेगळी. हायस्कूलमधलं मूल १४ ते १८ वर्षांचं असतं. त्यातलं थोरलं कार चालवतं, बर्गरच्या दुकानात काम करतं, पुढच्या वर्षी मत देणार असतं. ‘शाळेत असलं पुस्तक सापडलं’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठल्या शाळेत?’ हाच हवा. वादातली बहुतेक गाजलेली पुस्तकं हायस्कूलच्या फळीवरची आहेत, आणि सभेत मात्र उदाहरण दिलं जातं सात वर्षांच्या मुलीचं.

तिसरा फरक वर्ग आणि लायब्ररी यांच्यातला. वर्गात लावलेलं पुस्तक सगळ्यांना वाचावंच लागतं. लायब्ररीतलं कुणी उचललं तर वाचतं, नाहीतर धूळ खात पडतं. टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या बोर्डानं जानेवारी २०२२ मध्ये ज्यूंच्या संहारावरचं ‘माउस’ हे चित्रपुस्तक काढलं, त्याची जगभर चर्चा झाली. पण ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं होतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं महमूद विरुद्ध टेलर या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी पालकांच्या बाजूनं निकाल दिला, तोही मेरिलंडमधल्या वर्गात वाचून दाखवल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल होता. त्यात समलिंगी पात्रं होती आणि धार्मिक कारणानं आपल्या मुलाला त्या तासापुरतं बाहेर ठेवू द्या, अशी पालकांची मागणी होती. लायब्ररीची फळी हा त्याहून निराळा मामला, आणि कायदा तिथेच जास्त धूसर आहे.

लाँग आयलंडवरचे दोन खटले

कायद्याची सुरुवात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बेलमोर गावातल्या एका छोट्या दुकानात होते. सॅम गिन्सबर्ग आणि त्याची बायको वह्या-पेनं, खाणंपिणं आणि मासिकं विकायचे. १९६५ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला त्यांनी नग्न बायकांची चित्रं असलेली मासिकं विकली. मजा अशी, की मुलाला त्याच्या आईनंच पाठवलं होतं, खटला भरता यावा म्हणून. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मोठ्यांसाठी जे अश्लील ठरत नाही ते लहानांसाठी अश्लील ठरवायची मुभा राज्याला आहे. ‘अल्पवयीनांना हानिकारक’ ही कायद्यातली स्वतंत्र पायरी इथून पक्की झाली.

पुढे १९७३ मध्ये मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात अश्लीलतेची तीन कलमी कसोटी ठरली. मजकूर लैंगिक वासना चाळवणारा आहे का, राज्याच्या कायद्यात नमूद केलेली लैंगिक कृत्यं तो किळसवाण्या रीतीनं दाखवतो का, आणि ‘एकंदरीत पाहता’ त्याला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नाही का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच अश्लील. ‘एकंदरीत पाहता’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यांच्यावर आहे. या कसोटीनं एखादी कादंबरी अश्लील ठरवणं जवळपास अशक्य आहे. पॉर्न म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बहुतेक पुस्तकांवर फौजदारी खटले होत नाहीत, त्याचं कारण हेच. सभेत तो शब्द वापरणं सोपं, कोर्टात सिद्ध करणं कठीण.

दुसरा खटला बेलमोरपासून काही मैलांवर, लेव्हिटटाउनमधल्या आयलंड ट्रीज शाळांचा. बोर्डाचे तीन सदस्य १९७५ मध्ये पालकांच्या एका परंपरावादी संघटनेच्या परिषदेला गेले आणि ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांची यादी घेऊन आले. नोव्हेंबरमध्ये एका रात्री हायस्कूलच्या लायब्ररीत शिरून त्यातल्या दोघांनी पुस्तकांच्या नोंदकार्डांचे खण तपासले. यादीतली नऊ पुस्तकं सापडली. पुढे सगळी मिळून अकरा झाली. त्यात रिचर्ड राइटचं आत्मचरित्र होतं, कर्ट व्हॉनेगटची युद्धकादंबरी होती, बर्नार्ड मॅलमडची कादंबरी होती. ती काढताना बोर्डानं पत्रक काढलं, की ही पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी आहेत. मग बोर्डानंच चार पालक आणि शाळांच्या चार कर्मचाऱ्यांची समिती नेमली. समितीनं पाच पुस्तकं ठेवा आणि दोन काढा म्हटलं, उरलेल्यांवर तिचं एकमत झालं नाही. बोर्डानं तिचं ऐकलं नाही. एक पुस्तक परत ठेवलं, एक पालकांच्या परवानगीवर, बाकीची नऊ बाहेर.

स्टीव्हन पिको या विद्यार्थ्यानं काही सोबत्यांसह दावा लावला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, की पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्या कारणानं बोर्डाला ते फळीवरून काढता येणार नाही. पण पुस्तक सर्वांगानं असभ्य असेल किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असेल, तर काढता येईल.

आता यातली गोम. नऊ न्यायमूर्तींपैकी पाच जणांनी निकालाला पाठिंबा दिला, पण ब्रेनन यांच्या कारणमीमांसेवर पाच सह्या नव्हत्या. पाचवे न्यायमूर्ती व्हाइट यांनी खटला आणखी चालू द्या एवढंच म्हटलं, घटनेच्या मुद्द्यावर मत दिलंच नाही. त्यामुळे चाळीसएक वर्षं सगळे ज्या निकालाचा हवाला देतात, तो नेमका किती बंधनकारक आहे यावरच वकील भांडतात. शिवाय तो फक्त पुस्तक काढण्याबद्दल आहे, विकत न घेण्याबद्दल अवाक्षर नाही. आणि ‘विचार पटला नाही’ व ‘भाषा असभ्य वाटली’ यांतली रेघ माणसाच्या डोक्यात असते. ती कोर्टात कशी दाखवणार? काढणारा नेहमी दुसरंच कारण सांगणार, हे उघड आहे.

पुस्तक फळीवर येतं कसं

हा भाग बातम्यांत येत नाही, आणि माझ्या मते पालकांच्या संशयाचं मूळ इथेच आहे.

शाळेची ग्रंथपाल वर्षाकाठी शेकडो पुस्तकं घेते. ती सगळी ती वाचत नाही, वाचूच शकत नाही. ती ग्रंथालयांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतली परीक्षणं बघते, त्यातला ‘अमुक इयत्तेपासून पुढे’ हा शिक्का बघते, पुरस्कारांच्या याद्या बघते, आणि पुरवठादाराकडे मागणी नोंदवते. व्यवस्था बरी आहे, पण तिच्यात फटी आहेत.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. माया कोबाबे यांचं ‘जेंडर क्वीअर’ हे २०१९ चं चित्ररूप आत्मकथन. आपण धड मुलगीही नाही आणि मुलगाही नाही, हे उमगत जाण्याची ती गोष्ट आहे. बरीचशी संकोचाची, डॉक्टरी तपासणीच्या भीतीची, घरच्यांना कसं सांगायचं याची. पण त्यात मोजक्या चौकटी लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या आहेत, आणि त्या चित्रात आहेत. शब्दांतलं वर्णन वाचणाऱ्याला कल्पना करावी लागते, चित्राला लागत नाही. त्या चौकटींची छायाप्रत मोठी करून सभेत धरली की पुढचं बोलणंच संपतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेपांच्या यादीत हे पुस्तक २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं पहिलं होतं.

ते हायस्कूलमध्ये पोचायला एक पुरस्कार कामी आला. २०२० मध्ये त्याला ॲलेक्स पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मोठ्यांसाठी लिहिलेल्या, पण किशोरांनाही आवडतील अशा पुस्तकांना देतात. यादी बघून अनेक लायब्ररींनी ते घेतलं. ग्रंथपालांच्या लेखी हे नियमाला धरून होतं. पालकाच्या लेखी ‘मोठ्यांचं पुस्तक पोरांच्या फळीवर’ होतं. मला विचाराल तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या लायब्ररीत ते असायला माझी हरकत नाही. पण मिडल स्कूलच्या फळीवर ते दिसलं म्हणून एखादी आई चिडली, तर तिला लगेच ‘सनातनी’ म्हणून मोडीत काढणंही मला पटत नाही. तिचा प्रश्न वयाचा आहे आणि तो रास्त आहे.

याउलट टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ घ्या. १९७० ची कादंबरी. निळे डोळे मिळाले तर आपण सुंदर दिसू असं वाटणाऱ्या काळ्या मुलीवर तिचा बापच बलात्कार करतो. प्रसंग भयंकर आहे आणि तो भयंकरच वाटावा म्हणून लिहिलाय. ते पान तेवढं वाचलं तर पोटात ढवळतं. पण त्या पानासाठी पुस्तक काढायचं, तर बलात्काराबद्दल बोलणारं कुठलंही गंभीर पुस्तक उरणार नाही. चाळवणारं लेखन आणि हादरवणारं लेखन यांतला फरक एका पानावर दिसत नाही. अलीकडचे बरेच कायदे मात्र एका पानावरच थांबतात.

२०२१ नंतर

आक्षेप पूर्वीही यायचे, सुटे सुटे. एखादी आई अर्ज भरायची, समिती बसायची, दोन महिन्यांनी निर्णय व्हायचा. कोविडच्या काळात शाळा पडद्यावर आल्या, पालकांना पहिल्यांदा रोजचं शिकवणं दिसलं, मास्कवरून बोर्डांच्या बैठका पेटल्या, आणि त्याच काळात संघटना उभ्या राहिल्या. ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ ही त्यातली मोठी, जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्ससचे आमदार मॅट क्राउस यांनी सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांना धाडून विचारलं, यातली किती तुमच्याकडे आहेत? ते तेव्हा राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उभे होते. आता घराघरांतून आक्षेप यायच्या ऐवजी याद्या फिरू लागल्या. वॉशिंग्टन पोस्टनं २०२१-२२ या शालेय वर्षातले हजाराहून जास्त तक्रार अर्ज मिळवून तपासले, तेव्हा त्यातले सुमारे ६० टक्के अर्ज अवघ्या ११ माणसांनी केलेले निघाले.

मग कायदे आले. फ्लोरिडात लैंगिक वर्तनाचा आक्षेप आला की पाच शालेय दिवसांत पुस्तक फळीवरून उतरवायचं आणि निर्णय होईपर्यंत उतरलेलंच ठेवायचं. अर्जांचा असा पूर आला, की २०२४ मध्ये त्याच सरकारला दुरुस्ती करावी लागली: ज्याचं मूल त्या शाळांत शिकत नाही, त्याला महिन्याला एकच आक्षेप.

आयोवात मे २०२३ मध्ये कायदा झाला, की लैंगिक कृत्याचं वर्णन किंवा चित्र असलेलं कुठलंही पुस्तक बारावीपर्यंतच्या शाळेत नको. ‘एकंदरीत पाहता’ गेलं, साहित्यिक मूल्य गेलं, पाचवी आणि बारावीतला फरकही गेला. धर्मग्रंथांना तेवढी सूट. मेसन सिटीच्या शाळांपुढे प्रश्न पडला, की हजारो पुस्तकं शाळा उघडायच्या आत वाचणार कोण? तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी वारंवार आक्षेप येणाऱ्या पुस्तकांची यादी केली, आणि मग एकेका पुस्तकाचं नाव टाकून चॅटजीपीटीला विचारलं: यात लैंगिक कृत्याचं वर्णन आहे का? उत्तर ‘हो’ आलं की पुस्तक बाहेर. अशी १९ पुस्तकं गेली. त्या अधिकाऱ्यांची टिंगल झाली, पण मला त्यांची दयाच येते. कायद्यानं प्रश्नच असा विचारला होता, की उत्तर द्यायला पुस्तक वाचायची गरज उरली नव्हती.

आणि मग युटा. २०२२ च्या तिथल्या कायद्यानं शाळेतलं ‘पोर्नोग्राफिक किंवा असभ्य’ साहित्य काढायला सांगितलं. डिसेंबरमध्ये डेव्हिस या शालेय जिल्ह्यातल्या (एका बोर्डाखालच्या शाळांचा गट) कुणा पालकानं बायबलवरच आक्षेप नोंदवला. त्यात व्यभिचार आहे, बलात्कार आहे, बापलेकींचे संबंध आहेत, उतारे हवेत तर हे घ्या. अर्ज खवचटपणे केलेला होता हे उघड होतं. पण अर्ज म्हणजे अर्ज, समिती बसली. २०२३ मध्ये तिनं ठरवलं, की बायबलनं कायदा मोडलेला नाही, तरी असभ्यता आणि हिंसा यांमुळे ते एलिमेंटरी आणि मिडल शाळांत नको. देशभर हसू झालं, युटासारख्या धार्मिक राज्यात संतापही. जूनमध्ये अपिलानंतर बोर्डानं बायबल परत फळीवर ठेवलं.

हे वाचताना आपल्याकडचा एक खटला हटकून आठवतो. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना सोडताना म्हटलं, की कादंबरीत नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून ती कुमारांना अयोग्य ठरवायची, तर कुमारांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. आक्षेपार्ह भाग संपूर्ण कृतीच्या संदर्भात बघायचा, हेही त्याच निकालात आहे. युटाच्या समितीपुढे तर धार्मिक पुस्तकाचीही खात्री उरली नव्हती.

युटानं पुढे २०२४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. राज्यातल्या तीन शालेय जिल्ह्यांनी एखादं पुस्तक ठरावीक निकषावर काढलं, की ते राज्यभरच्या सरकारी शाळांतून जातं. पहिली यादी ऑगस्ट २०२४ मध्ये आली, १३ पुस्तकांची. स्थानिक पालकांनी स्थानिक शाळेबद्दल ठरवावं, असं म्हणत सुरू झालेली चळवळ इथे येऊन पोचली, की तीन गावांनी ठरवायचं आणि चौथ्यानं गप्प ऐकायचं.

कोर्टं काय म्हणतात

एकमुखानं काहीच म्हणत नाहीत. टेक्ससनं २०२३ च्या कायद्यात पुस्तकविक्रेत्यांवरच काम टाकलं होतं: शाळांना विकायचं प्रत्येक पुस्तक तुम्हीच वाचा आणि ‘लैंगिकदृष्ट्या उघड’ की ‘लैंगिक संदर्भ असलेलं’ असा शेरा मारा. ऑस्टिनच्या आणि ह्यूस्टनच्या स्वतंत्र पुस्तकदुकानांनी दावा लावला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अपील कोर्टानं ही सक्ती थांबवली. सरकारचं मत दुकानदाराच्या तोंडून वदवून घेता येणार नाही, असं त्याचं सार.

पण त्याच पाचव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) अपील कोर्टानं मे २०२५ मध्ये टेक्ससमधल्या लॅनो काउंटीच्या प्रकरणात १० विरुद्ध ७ मतांनी उलट दिशेचा निकाल दिला. लॅनोतली लायब्ररी शाळेची नाही, गावाची. तिथून १७ पुस्तकं काढली होती. त्यात वंशवादाच्या इतिहासाची पुस्तकं होती तशीच पादण्यावरची बालपुस्तकंही. कोर्टानं म्हटलं, वाचकाला लायब्ररीकडून माहिती मिळवण्याचा घटनात्मक हक्क नाही, त्यामुळे पुस्तक काढलं म्हणून दावाच करता येत नाही. पिको प्रकरणाचा आधार तिथल्या तिथे गळून पडला. बहुमतातल्या काही न्यायमूर्तींनी त्यापुढे जाऊन फळीवर काय ठेवायचं हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे असंही मांडलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत हाच कायदा. आठव्या सर्किटनं मात्र आयोवाच्या प्रकरणात २०२४ मध्ये हा ‘सरकारी बोलणं’ युक्तिवाद शाळेच्या लायब्ररीला लावायला नकार दिला होता. एकमेकांशी भांडणारी दोन हजार पुस्तकं एका फळीवर ठेवली तर त्यातून सरकार नेमकं काय ‘बोलतं’, हे मलाही कळलेलं नाही.

फ्लोरिडात ऑगस्ट २०२५ मध्ये संघीय न्यायाधीश कार्लोस मेंडोझा यांनी ‘लैंगिक वर्तनाचं वर्णन’ हा निकष अतिव्यापक म्हणून घटनाबाह्य ठरवला आणि सांगितलं, मोजायचं तर पुस्तक एकंदरीत पाहून मोजा. राज्य सरकारनं अपील केलं.

आकडे सांभाळून वाचा

लेखकांची संघटना पेन अमेरिका २०२३-२४ या वर्षात १०,०४६ ‘बंदी’ मोजते. आकडा दहा हजार पुस्तकांचा नाही. एकच पुस्तक पाच जिल्ह्यांतून गेलं तर पाच धरतात. वेगवेगळी पुस्तकं ४,२३१ होती, आणि चौकशी चालू असेपर्यंत बाजूला ठेवलेलं पुस्तकही त्यात मोजतात. विरोधक यावरून आकडा फुगवल्याचा आरोप करतात. तो अगदीच पोकळ नाही, पण चौकशी वर्षभर चालली तर त्या वर्षीच्या मुलाला ते पुस्तक मिळालं नाही हेही खरंच. दहा हजारांतली बहुतेक प्रकरणं फ्लोरिडा आणि आयोवा या दोनच राज्यांतली आहेत. पुढच्या वर्षी आकडा ६,८७० वर आला. यात न दिसणारी गोष्ट म्हणजे मुळात विकत न घेतलेली पुस्तकं. फ्लोरिडात अल्पवयीनांना हानिकारक साहित्य दिल्याबद्दल फौजदारी गुन्हा होऊ शकतो, असं ग्रंथपालांना प्रशिक्षणातच सांगतात. अशी बाई पुढच्या मागणीत कुठलं नाव गाळेल, त्याची नोंद कोण ठेवणार?

मधली वाट

व्हर्जिनियात बारावीच्या मुलाला टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ अभ्यासाला लागल्यावरून एका आईनं वर्षानुवर्षं लढा दिला. असं साहित्य वर्गात लावण्याआधी पालकांना कळवायचं, अशा विधेयकाला गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये दोनदा नकार दिला. २०२१ च्या निवडणुकीत हीच आई त्यांचे प्रतिस्पर्धी ग्लेन यंगकिन यांच्या जाहिरातीत आली आणि मॅकऑलिफ हरले. २०२२ मध्ये कायदा झाला: वर्गात लैंगिकदृष्ट्या उघड साहित्य वापरायचं असेल तर पालकांना आधी कळवा, नको असेल त्याच्या मुलाला दुसरं काही द्या. पुस्तकं काढायला हा कायदा सांगत नाही, असं त्यात लिहिलेलंही आहे. आपल्या मुलापुरतं ठरवा, दुसऱ्याच्या मुलाचं तो बघेल, हे मला त्यातल्या त्यात पटतं. अडचण एकच, की घरात ज्याला हे पुस्तक मागायची सोय नाही त्याच मुलाला त्याची गरज जास्त असू शकते. बापाच्या अत्याचाराबद्दलचं पुस्तक वाचायला बापाची सही आणायची, हा पेच कुठल्याच नियमानं सुटलेला नाही.

टेक्ससनं २०२५ मध्ये आणखी नवा कायदा केला. आता लायब्ररीत घ्यायच्या पुस्तकांची यादी ३० दिवस आधी जाहीर करायची, बोर्डानं मंजूर केल्यावरच खरेदी. मुलानं कुठली पुस्तकं नेली ते पालकांना बघता येईल. ‘असभ्य’ मजकुराला मनाई, आणि पालकांचं बहुमत असलेली सल्लागार परिषद. दुसऱ्या टोकाला इलिनॉयनं २०२३ मध्येच ठरवलं, की राजकीय किंवा वैचारिक कारणानं पुस्तकं काढणाऱ्या लायब्ररीला राज्याचं अनुदान नाही. न्यू जर्सीनं डिसेंबर २०२४ मध्ये ग्रंथपालांना संरक्षण देणारा कायदा केला.

डॅलसच्या आसपास प्लेनो-फ्रिस्कोत आणि न्यू जर्सीत एडिसनच्या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, बऱ्याचदा एकाच कुटुंबातली. तिथल्या आतेमामे भावंडांची फोनवर एकाच पुस्तकावरून जुंपली, तर एकीला ते शाळेच्या फळीवर मिळेल आणि दुसऱ्याला सांगतील, बोर्डाच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांब. फ्रिस्कोतल्या आईबापांना त्या बैठकीत बोलता येतं, नाव आधी नोंदवावं लागतं, आणि दोनतीन मिनिटंच मिळतात.